लेक इफेक्ट, ठाण्याचं जॅकेट आणि फाटलेला बूट

पाचपैकी साडेतीन तारे. थर्मलला पाच, जॅकेटला चार, बुटांना एक. सरासरी तीनच्या थोडी वर जाते, उरलेलं मालकाच्या स्वभावासाठी.

घाईत असलात तर एवढंच वाचा: मनाली, काश्मीर किंवा स्वित्झर्लंडची आठ दिवसांची टूर असेल तर ठाण्यातल्या या थंडीचे कपडे आणि बूट भाड्याने-विकत देणाऱ्या दुकानात बिनधास्त जा. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी पोरांकडे हिवाळा काढायला जाणार असाल तर मात्र आधी पुढचं वाचा, मग जिना चढा.

आम्ही नौपाड्यातले. मी ३१ वर्षं रबाळ्याला एका केमिकल कंपनीत युटिलिटीत काढली. बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर, याच्यापलीकडे मला काही येत नाही. आमची लेक बफेलोच्या दक्षिणेला हॅम्बर्ग म्हणून गाव आहे तिथे असते. नातू सहा वर्षांचा. आतापर्यंत आम्ही दोनदा गेलो ते मे महिन्यात. या वेळी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, नऊ आठवडे. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, इथे लेक इफेक्ट असतो, सरोवरामुळे धो धो बर्फ पडतो, कपडे नीट आणा." सौ. शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "लेकीचा इफेक्ट नसता तर एवढ्या थंडीत कोण आलं असतं?" फोन स्पीकरवर होता. तिकडे दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग जावई हसले.

तर दुकान. गोखले रोडवरून आत वळलं की जुन्या इमारतीत पहिला मजला. जिना इतका अरुंद की वरून कुणी पिशव्या घेऊन उतरत असेल तर तुम्ही खाली थांबायचं. दार उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, पण ते मी चांगलं लक्षण मानतो. कपडे जपलेत याची ती पावती आहे. भाड्याचा माल एका बाजूला, विकायचा दुसऱ्या बाजूला. भाड्याची जॅकेटं धुवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगलेली. एकाचीही कॉलर तेलकट नव्हती, मी पाच-सहा उलटून पाहिल्या.

मालक चाळिशीतला, बोलका. बसायच्या आधीच विचारतो, "काका, किती मायनस?" त्याचं अख्खं दुकान या एका प्रश्नावर लावलेलं आहे. पहिली दांडी शून्य ते मायनस पाच, दुसरी मायनस दहा, तिसरी मायनस वीस. प्रत्येक दांडीवर मार्करने लिहिलेला पुठ्ठा. मी म्हटलं, लेकीने आठ-दहा सांगितलंय. "मग मायनस वीस घ्या, दहा डिग्री खिशात राहतील." वाक्य मला आवडलं. "कुठे चाललात?" बफेलो. "म्हणजे म्हैस?" मी म्हटलं, न्यूयॉर्क. "मग काय टेन्शन नाही काका, न्यूयॉर्कला आपले महिन्याला दहा जण जातात."

इथेच आम्ही दोघंही चुकलो. न्यूयॉर्क राज्य वेगळं, न्यूयॉर्क शहर वेगळं. बफेलो त्या शहरापासून रस्त्याने सहाशे किलोमीटर आहे, म्हणजे ठाण्याहून गोव्याला जावं तेवढं. आणि गोव्यातला पाऊस सांगून ठाण्याची छत्री विकता येत नाही.

पण माप घेण्याचं कौतुक करायलाच हवं. जॅकेट अंगात चढवून तो आरशासमोर उभं करत नाही. हात पुढे घडी घालायला लावतो, खाली ठेवलेली भरलेली बॅग उचलायला लावतो, आणि मग पाठीत ताणतंय का विचारतो. आत थर्मल आणि स्वेटर येणार म्हणून एक माप मोठं दिलं. सौ.ला त्यात आपण गादी गुंडाळल्यासारखं वाटत होतं, पण तेच बरोबर होतं. दोघांची जॅकेटं प्रत्येकी २,२०० आणि बूट प्रत्येकी १,१०० भाडं, डिपॉझिट ५,०००. थर्मल, लोकरी हातमोजे आणि पायमोजे विकत घेतले. कानटोपी घेतली नाही. माझ्या बहिणीने विणलेली घरात होती. ती घातली की नातवाला मी दरोडेखोर वाटतो.

पहिले दहा दिवस जॅकेटची परीक्षाच झाली नाही. तापमान चार-पाच, रिपरिप पाऊस, आकाश ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं. एका रविवारी सकाळी जावयांनी एरी सरोवर दाखवायला नेलं. ठाण्याचा माणूस तलाव म्हटल्यावर मासुंदा डोळ्यासमोर आणतो. पलीकडे गडकरी रंगायतन दिसतं, बोटिंगच्या बोटी फिरतायत, भेळ खात एक फेरी मारली की तलाव संपला. इथे पलीकडचा काठच नाही. लाटा येऊन आपटतायत. क्षेत्रफळ २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून थोडंच कमी. लांबी ३८८ किलोमीटर, आणि सगळी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेली. त्याच्या पूर्वेच्या टोकाला बफेलो.

त्या दिवशी पारा एकदम पडला होता, मायनस दोन. आणि पाण्यावरून वाफ उठत होती. पातळ, वाऱ्याबरोबर वाकणारी, अंगणात बंबातलं पाणी ओतल्यावर उठते तशी. सौ. म्हणाली, "अहो, हे गरम पाण्याचं आहे का?" मी जावयांना विचारलं, पाण्याचं तापमान किती? त्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं, आठ अंश. बास. मला पुढचं कुणी समजवायची गरज उरली नाही, मी ३१ वर्षं हेच बघत आलोय.

कूलिंग टॉवर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यंत्रांवरून तापून आलेलं पाणी वरून शिंपडायचं आणि त्यातून हवा ओढायची. थोडं पाणी वाफ होऊन हवेबरोबर जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. एप्रिलच्या दुपारी टॉवरवर काही म्हणजे काही दिसत नाही. जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला आलात तर त्याच टॉवरवर पांढरा लोट उभा असतो. टॉवर तोच, पाणी तेच, फक्त बाहेरची हवा गार. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला एकच गोष्ट सांगायचो: वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा लोट घेऊन जातो तिकडे, गाडी लावू नकोस. लावली की संध्याकाळी सीटवर क्षारांचे पांढरे ठिपके.

एरी सरोवर हा ३८८ किलोमीटर लांबीचा कूलिंग टॉवर आहे, आणि आमच्या लेकीने घर घेतलंय वाऱ्याखालच्या बाजूला.

उन्हाळाभर ते पाणी ऊन पीत बसतं. पाणी तापायला वेळ लावतं आणि निवायलाही लावतं. आपल्याकडे समुद्रही तेच करतो, म्हणून निफाडला पारा पाच-सहावर जातो तेव्हा ठाण्यात आपण पंधरावर स्वेटर काढून फोटो पाठवतो. नोव्हेंबरात कॅनडाकडून सुकी, बर्फाळ हवा निघते ती या पाण्यावरून जाते. खालून ऊब मिळते, वाफ मिळते. खालची हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या गारठ्यात वाफेचे ढग होतात, ढगांचा बर्फ होतो, आणि काठावर पोचल्यावर तो तिथल्या लोकांच्या डोक्यावर उतरतो. तिथल्या हवामानवाल्यांचा एक ठोकताळा आहे: पाण्याचा पृष्ठभाग आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यात १३ अंशांचा फरक पडला की कारखाना सुरू. त्या रविवारी वर किती होतं मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात कळलं.

आता कुणी म्हणेल, मग ठाण्यात उपवन तलावाच्या काठी का बर्फ पडत नाही? थंडी नाही हे एक उत्तर झालंच. पण समजा ठाण्यात उद्या मायनस दहाची हवा सुटली, तरीही मासुंदा काही करू शकणार नाही, कारण हवा पाण्यावरून जाते ती जेमतेम मिनिटभर. तिला ऊब आणि वाफ उचलायला लांब पल्ला लागतो, शंभर किलोमीटरच्या घरात. एरीवरून वारा आडवा गेला तर रुंदी जास्तीत जास्त नव्वदेक किलोमीटर, त्यामुळे बर्फाचे बारीक बारीक पट्टे होतात, थोडं थोडं सगळ्यांना. वारा लांबीवरून आला की मात्र सगळा माल एकाच पट्ट्यात गोळा होतो. हा पट्टा पंधरा-वीस किलोमीटर रुंद आणि शेकडो किलोमीटर लांब असू शकतो. नैर्ऋत्येचा वारा असेल तर तो बफेलो शहरावर, थोडा पश्चिमेकडे फिरला की हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्कवर. घोडबंदरला धो धो आणि नौपाड्यात ऊन हे आपण पाहिलेलं आहे. तिथे तसंच, फक्त पावसाऐवजी छातीभर बर्फ.

छातीभर हे मी फेकत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात बफेलोच्या दक्षिण भागात आणि पूर्वेकडच्या गावांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि त्याच शहराच्या उत्तर भागात काही इंच. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्कला ८० इंच. तिथे त्यांचं फुटबॉलचं स्टेडियम आहे, ती मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली. महिन्याभराने नाताळाला जे वादळ झालं त्यात चाळीसहून जास्त माणसं गेली. जावई तेव्हा तिथेच होते. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत.

आमच्या वाट्याला आलं ते त्यामानाने किरकोळ, अडीच फूट. गुरुवार होता. जावयांचं ऑफिस ॲमहर्स्टला, शहराच्या उत्तरेला, घरापासून तीस-पस्तीस किलोमीटर. ठाण्याहून व्हीटीला जावं तेवढं. दुपारी त्यांचा फोन, "बाबा, इकडे ऊन आहे, मी निघतो." आमच्या खिडकीतून समोरच्या घराचा दिवासुद्धा दिसत नव्हता. नंतर त्यांनी सांगितलं, हायवेवर ऊन होतं आणि पुढे रस्त्यावर पांढरी भिंत उभी होती, जमिनीपासून ढगापर्यंत. तिच्यात शिरल्यावर गाडीचं बॉनेट दिसेना. घरी यायला त्यांना अडीच तास लागले. रात्री नऊला गडगडलं. बर्फ पडताना गडगडतं हे मला माहीत नव्हतं. सौ. झोपेतून उठून म्हणाली, "अहो, पाऊस आला, कपडे काढा दोरीवरचे." खालून गरम आणि वरून गार असलं की ढग उंच चढतात, मग पावसाळी ढगासारखी वीजही होते. पण ते सांगेपर्यंत ती पुन्हा झोपली होती.

सकाळी बाहेरचा थर्मामीटर मायनस चार. हे लक्षात ठेवा, मायनस चार. दुकानातल्या पहिल्या दांडीचा माल. आणि जावई म्हणाले, रस्ते बंद आहेत, पण दारासमोरचं काढायला लागेल, गॅस मीटर आणि धुराच्या नळीचं तोंड मोकळं हवं. मी म्हटलं, चला. बॉयलरवाल्याला चिमणीचं तोंड बंद आहे म्हटल्यावर घरात कसं बसवेल?

आता जॅकेट. उबेबद्दल काडीची तक्रार नाही. आत थर्मल, वर स्वेटर, वर जॅकेट, दहा मिनिटांत मला घाम. पण फावड्याने बर्फ काढायचं म्हणजे वाकायचं, आणि जॅकेट कमरेपर्यंतच. वाकलो की मागून सरोवराचा वारा सरळ पाठीत. बर्फ तिथे वरून पडत नाही, बाजूने येतो, रांगोळी फुंकल्यासारखा, बारीक आणि सगळीकडे शिरणारा. चेनच्या मागे झडप नाही, त्यामुळे चेनच्या दातांमधून छातीवर गार रेघ. टोपीला दोरी आहे पण ती नुसती शोभेची. ओढली तरी टोपी आवळत नाही. तासाभराने खांद्यावर बर्फ वितळून कापड ओलं. पाणी झटकणारं कापड आणि पाणी अडवणारं कापड यात फरक असतो, तो मला त्या दिवशी खांद्यांनी शिकवला. चेन एकदा गोठून अडकली. त्यावर उपाय सांगतो: घरी आलात की चेनवर मेणबत्ती घासा, वरून खालपर्यंत दोनदा. पुढचे सात आठवडे मग त्रास नाही.

लोकरी हातमोजे बर्फात वापरू नका. बर्फाचे कण लोकरीला चिकटून त्याचे साबुदाण्याएवढे गोळे होतात, आणि ते दाताने काढायची वेळ येते. विकताना हे सांगायला हवं होतं.

बूट. दिसायला छान होते, आत फर, घोट्यापर्यंत. दुकानात घालून चाललो तेव्हा मऊ. पण घोट्यापर्यंतच्या बुटाला मांडीपर्यंतच्या बर्फात काय अर्थ आहे? पहिल्या पावलालाच वरून आत बर्फ. तो वितळला, फर भिजली. आणि तळवा. प्लॅस्टिकचा असणार, कारण गारठ्यात तो लाकडासारखा टणक झाला. चालताना पाय जिथे दुमडतो, बोटांच्या मागे, तिथे आधी एक पांढरी रेघ आली. मी पाहिली. प्लॅस्टिकच्या बादलीच्या कानाला तुटायच्या आधी येते ना, तशी. मी पाइपलाइनवर अशी रेघ दिसली असती तर प्लांट थांबवला असता. बुटाला म्हटलं, चल अजून थोडं. मीटरपासून दाराकडे येताना तडकन आवाज झाला आणि डाव्या बुटाचा तळवा आडवा फाटला. लेक दारात उभी, "बाबा, आधी आत या. आत्ताच्या आत्ता." सहा वर्षांची असताना मी तिला भर पावसात तलावपाळीवर ज्या आवाजात ओरडलो होतो, त्याच आवाजात.

आत आल्यावर पायाची दोन बोटं अर्धा तास माझी नव्हती. नातवाने त्यावर फुंकर घातली.

रिकामा वेळ होता म्हणून मी माप घेतलं. सवय. सौ.चं सरळ बाजूंचं स्टीलचं पातेलं बर्फाने न दाबता काठोकाठ भरलं आणि वितळू दिलं. पातेलं बोटांच्या मापाने बारा बोटं खोल, पाणी निघालं एका बोटाहून कमी. सरोवराचा बर्फ असाच असतो म्हणे, हलका, हवा भरलेला. साध्या वादळातला बर्फ दहा इंच वितळवला की साधारण एक इंच पाणी, याचे कधीकधी वीस इंच लागतात. म्हणून तर तो एवढा फुगतो आणि एवढा उडतो. आपल्याकडच्या पावसाच्या हिशेबात त्या दोन दिवसांचं पाणी म्हणजे जुलैतली एक चांगली दुपार.

दुसऱ्या दिवशी रस्ते उघडल्यावर लेकीने मला तिथले बूट आणले. खालचा भाग रबराचा, वरचा नडगीपर्यंत, आणि आत नमद्याचा जाड मोजा जो काढून हीटरजवळ वाळवता येतो. दिसायला नगरपालिकेच्या सफाई कामगारासारखे. पण त्यानंतर पाय एकदाही भिजला नाही. दुकानदाराने भाड्याने बूट द्यायचेच असतील तर असे ठेवावेत. सौ.च्या बुटांना काहीच झालं नाही, कारण त्यांनी घराचा उंबरठाच ओलांडला नाही.

डिसेंबरात बर्फाचे आणखी तीन-चार झटके आले, छोटे. मधल्या एका स्वच्छ दिवशी सरोवराच्या काठाने खाली वेस्टफील्डकडे गेलो. तिथे मैलोनमैल द्राक्षांच्या बागा, बर्फात उभ्या. नाशिककडे थंडी वाढली की बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात हे मी पाहिलंय. इथे शेकोटीचं काम सरोवर करतं. शरद ऋतूत पाणी उबदार असतं म्हणून काठावर कडाक्याचा गारठा उशिरा येतो आणि द्राक्षं पिकायला वेळ मिळतो. वसंतात पाणी गार असतं म्हणून कळ्या घाईने फुटत नाहीत, आणि मागून येणाऱ्या थंडीत सापडत नाहीत. तेच पाणी, जे माझ्या बुटांच्या मुळावर उठलं.

जानेवारीत सरोवर काठाकडून गोठायला लागलं. एरी उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे वरचं गार होऊन खाली बसत राहतं, आणि तळापर्यंत सगळं चारवर आल्याशिवाय वर बर्फ धरत नाही. एरीला ते लवकर जमतं. पूर्ण गोठलं की वाफ बंद, वाफ बंद की कारखाना बंद. उत्तरेकडचं ओंटारिओ सरोवर सरासरी ८६ मीटर खोल, ते बहुतेक वर्षी गोठतच नाही, म्हणून त्याच्या पूर्वेला टग हिल म्हणून पठार आहे तिथे मार्चपर्यंत बर्फ पडतच राहतो. तिकडे कुणी जाणार असेल तर देव त्याचं भलं करो, आणि बूट तिकडेच घ्या. गोठलेल्या एरीवर फार भरवसाही ठेवू नये. १९७७ च्या जानेवारीत सरोवर गोठलेलं असताना वाऱ्याने त्याच्यावर साठलेला भुसभुशीत बर्फच उचलून शहरात आणून टाकला होता.

आता परतीची गोष्ट, ज्यासाठी अर्धे लोक हे वाचत असतील. जॅकेटं धुवून परत केली. मालकाने बूट पाहिले आणि डिपॉझिटमधून १,२०० कापले. म्हणाला, "काका, नीट वापरायचे ना. दहा डिग्री खिशात दिल्या होत्या तुम्हाला." मी म्हटलं, अरे बाबा, मायनस चारला फाटलेत हे. त्याचा विश्वास बसेना. मायनस वीसचा माल मायनस चारला कसा फाटेल? मला राग आला, खोटं कशाला सांगू. पावती त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, पैसे राहू दे, तुझा प्रश्न चुकलाय. तू विचारतोस किती मायनस. तू विचारायला हवंस, पाणी कुठल्या बाजूला आहे, वारा कुठून येतो, आणि बर्फ कुठपर्यंत पोचतो. गुडघा की घोटा?

मग पावतीच्या मागे मी त्याला सरोवर काढून दाखवलं. लांबट भोपळ्यासारखं, आडवं. नैर्ऋत्येकडून बाण. टोकाला बफेलो, खाली हॅम्बर्ग, वर ॲमहर्स्ट. ॲमहर्स्टला सूर्य काढला. हॅम्बर्गला बूट काढला. तेवढ्यात एक जोडपं जिना चढून आलं, टोरांटोला मुलाकडे निघालेलं. मालकाने सवयीने तोंड उघडलं, "किती..." आणि माझ्याकडे बघून थांबला. टोरांटो ओंटारिओच्या वायव्य काठावर आहे, म्हणजे बहुतेक वेळा वाऱ्यावरच्या बाजूला, त्यांना सरोवराचा मार त्यामानाने कमी. हे मीच सांगितलं. त्यांनी मायनस वीसची दोन जॅकेटं घेतली. लांब होती ती. बूट घेतले नाहीत.

बाराशेपैकी सहाशे त्याने तिथेच परत दिले. उरलेले सहाशे पुढच्या भाड्यात वळते करतो म्हणाला, पण पावतीवर लिहून द्यायला पावती उरली नव्हती, तिच्यावर सरोवर होतं. तो कागद त्याने गल्ल्यामागे टाचणीने लावलाय. माझे सहाशे त्याच कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेत.

दुपारी दीड ते साडेचार बंद असतं, सोमवारी पूर्ण बंद. गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत जा. गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, मुलगा चार जॅकेटं घेऊन खाली येतो.